मॅडम, फेकू नका

मी मुलींना फेकायला शिकवते. शिकवत होते, असं म्हणायला हवं. आता नेमकं काय करते ते ओघात येईलच.

खेळ बेसबॉल. हो, मुंबईत बेसबॉल खेळतात, आणि मुलीही खेळतात. परळ आणि नायगावच्या मध्ये एक मैदान आहे. क्रिकेटवाल्यांनी नको म्हणून सोडलेला त्याचा एक कोपरा आमचा. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभी राहून समोरच्या बॅटवालीकडे चेंडू फेकते ती पिचर, आणि माझं काम या पिचर घडवण्याचं. क्रिकेटमध्ये हात कोपरात वाकला की सगळे ‘फेकी, फेकी’ म्हणून ओरडतात. आमच्याकडे हात वाकवूनच फेकायचं असतं. त्यामुळे नव्या मुलीचा पहिला महिना फेकण्याची लाज घालवण्यात जातो.

मुंबईत फेकण्याचा दुसरा अर्थही शाळेत जायच्या आधीच कळतो. थापा मारणे. पिचर मुली दोन्ही प्रकारे फेकतात. कोपर दुखत असताना ‘काय नाय मॅडम, एकदम मस्त’ म्हणणाऱ्या मुली मी इतक्या पाहिल्या आहेत की आता त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघतच नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या वयात हाडांची टोकं कच्ची असतात. त्यात अंगाच्या ताकदीने न फेकता नुसत्या हाताने फेकलं, आणि विश्रांती न घेता फेकत राहिलं, की कोपराच्या आतल्या बाजूला कायमचं काहीतरी बिघडतं. म्हणून माझ्या मैदानावर एक वाक्य चालायचं : ‘फेकायचा तो चेंडू, थापा नाहीत.’

आणि एक पद्धत होती. ‘दुखतंय का?’ असं मी कधीच विचारत नसे. त्याचं उत्तर ‘नाही’ हेच येतं. सराव संपला की मी एकेकीसमोर उभी राहायचे आणि नुसतं म्हणायचे, ‘कुठे?’

दुखतंय हे गृहीतच. फक्त जागा सांग. मग डावा हात आपोआप वर येतो आणि बोट बरोबर त्या जागी जातं. दंडाच्या मांसावर गेलं तर हात भरून आलाय, उद्या ठीक होईल. कोपराच्या आतल्या हाडावर गेलं तर त्या दिवसापासून चेंडू खाली.

माझ्या आजारात हा प्रश्न मला कुणीच विचारला नाही. मी स्वतःलासुद्धा नाही.

करंगळी

आधी उजव्या हाताची करंगळी झोपली. मग तिच्या शेजारचं बोट. खांद्याच्या पात्यापासून काखेतून कोपरापर्यंत एक ठणका यायचा आणि रात्रभर राहायचा. दुसऱ्या कुणाला असं झालं असतं तर ती निमूट डॉक्टरकडे गेली असती. मला जाण्याची गरज वाटली नाही, कारण मला सगळं माहीत होतं! करंगळीत मुंग्या म्हणजे कोपरातली शीर दबलेली. अर्धं आयुष्य मी हेच बघत आले होते. मुलींना चेंडू टाकून टाकून माझंही कोपर गेलं असणार, यात विचारण्यासारखं काय आहे?

मी बर्फ लावला. पट्टा बांधला. रबर ओढण्याचे व्यायाम केले. हाडांच्या डॉक्टरकडे गेले तीसुद्धा निदान बरोबर घेऊन. ‘कोपराची शीर आहे, फोटो काढून द्या,’ असं मीच त्यांना सांगितलं. फोटो आला. कोपर एखाद्या नव्या पिचरचं असावं इतकं स्वच्छ होतं. मला आनंद झाला.

समीक्षाने ते आधी पाहिलं. समीक्षा म्हणजे माझी सगळ्यात चांगली पिचर, वरळीच्या बीडीडी चाळीतली, चौदा वर्षांची, लांब हातांची आणि त्याहून लांब जिभेची. पाणी पिता पिता ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

“मॅडम, तुमचा एक डोळा झोपलाय.”

“झोप झाली नाही माझी.”

“दुसऱ्याची झालीय वाटतं,” ती म्हणाली आणि बाकीच्या पोरी खिदळल्या.

घरी आरशात पाहिलं. उजवी पापणी अर्धी खाली आली होती. माझा नवरा विलास सरकारी ऑफिसात आहे, फायली हलतात त्याहून हळू तो स्वतः हलतो. पण दुसऱ्याच दिवशी त्याने रजा टाकली आणि मला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पापणी पाहिली, हात पाहिला, आणि छातीचा फोटो काढायला सांगितला.

“दुखतंय कोपर आणि फोटो छातीचा?” मी म्हटलं. मला खरंच राग आला होता.

पार्सल

गाठ उजव्या फुफ्फुसाच्या अगदी शेंड्याला होती. तिथून ती वर हाताच्या आणि पापणीच्या शिरांवर चढून बसली होती. कॅन्सर हा शब्द डॉक्टरांनी वाक्याच्या मध्येच कुठेतरी ठेवून दिला आणि ते पुढे बोलत राहिले. मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. हातात नीट बसेल असं होतं.

बाहेर आल्यावर विलास समोरच्या हॉटेलात शिरला. त्याने दोन चहा मागवले आणि विचारलं, “आईला वडे पार्सल घेऊ?” मी हो म्हटलं. पोऱ्याने विचारलं चटणी कोणती, तर विलास परत म्हणाला, “दोन चहा.” मग मी सांगितलं, सुकी.

घरी सासूबाईंनी वडे खाल्ले. आम्ही त्यांना जेवणानंतर सांगितलं. त्या रागाने म्हणाल्या, “माका आधी सांगूक व्हया होता. वडे खाल्लंय मी.”

पुढचे दिवस प्रश्नांचे होते. सिगारेट? नाही. तंबाखू? नाही. मिश्री लावायचीस का? आमच्या चाळीतल्या एका बाईंनी तर विलासला बाजूला घेऊन विचारलं, खेळाडू बायका ओढतात म्हणे लपून, खरं का? मी यातलं काहीच केलेलं नव्हतं, आणि काहीच केलेलं नव्हतं हे कुणालाच पुरेसं वाटत नव्हतं. माझा काहीतरी दोष निघाला असता तर लोकांना बरं वाटलं असतं, कारण मग तो त्यांच्यात नाही म्हणून त्यांना झोप लागली असती. आम्हाला मूल नाही. तेही एकीने या आजाराला जोडून दाखवलं. त्याबद्दल इथे एवढंच.

फुटपाथच्या त्या बाजूला

डिलाईल रोडवरून परळला जाताना टॅक्सीवाल्याला नुसतं ‘हॉस्पिटल’ म्हटलं आणि चेहरा माझ्यासारखा असला, तर तो कुठलं ते विचारत नाही, सरळ कॅन्सरच्या हॉस्पिटलशी थांबवतो. मैदानावर जायचा माझा रस्ता वर्षानुवर्षं त्याच फुटपाथवरून होता. गावोगावहून आलेली माणसं तिथे चादर टाकून बसलेली असतात, नाकाला पट्टी, हातात पाण्याची बाटली. मी त्यांच्यातून चेंडूंची पिशवी सांभाळत घाईने जायचे. आता मी त्यांच्यात बसून टोकन लागायची वाट बघत होते. समोरून खेळाची पिशवी घेतलेली एखादी मुलगी गेली तर मी मान फिरवायचे.

आधी सलाइनमधून औषधं आणि किरणांचा शेक, मग ऑपरेशन असं ठरलं होतं. शेकासाठी छातीवर शाईचे ठिपके काढले होते. रोज त्याच खोलीत जायचं, तसंच आडवं व्हायचं, हात डोक्यावर घ्यायचे. उजवा हात वर गेला की मी दात खायचे. खोलीतला मुलगा काचेमागून विचारायचा, “आंटी, ठीक?” मी म्हणायचे, “ठीक.” विलास सकाळी चहा देताना विचारायचा, “बरं आहे ना?” मी म्हणायचे, “हो रे.” मैदानावरून मुलींचे फोन यायचे, “मॅडम, बऱ्या आहात ना?” “एकदम मस्त.” सगळे प्रश्न असे होते की त्यांच्यात उत्तर आधीच घालून ठेवलेलं होतं. मी फक्त मान हलवायची.

बऱ्या गोष्टीही होत्या, त्या न सांगणं बरं नव्हे. औषध चढवायच्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर संगमेश्वरची एक बाई असायची. मला गाऊनच्या नाड्या बांधता येत नाहीत हे तिने पहिल्याच दिवशी पाहिलं. न विचारता ती उठायची, आपली सलाइनची काठी ढकलत मागे यायची, नाड्या बांधायची आणि पाठीवर एक थाप मारून परत जायची. आम्ही एकमेकींचं आडनावसुद्धा विचारलं नाही. एके दिवशी तिच्या खुर्चीवर दुसरं कुणी होतं. मी नर्सला विचारलं नाही. बहुतेक तिचा कोर्स संपला असेल, असं मी ठरवून टाकलं.

हात

ऑपरेशनच्या आधी सर्जननी बसवून सांगितलं. गाठ, तिच्याबरोबर बरगड्यांचे तुकडे, आणि तिने गिळलेली शीर काढावी लागेल. हात राहील. बोटांची पकड राहील असं सांगता येत नाही.

“फेकता येईल?” मी विचारलं.

“काय?”

“चेंडू.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “आधी जगायचं बघू या ना,” ते म्हणाले. ते चांगल्याच स्वरात म्हणाले, पण मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मला दुसरं काय येत होतं? नोकरी शाळेत खेळ शिकवण्याची, ओळख मैदानावरची, आणि जे काही कळतं ते सगळं या उजव्या हातात. मुलीला चेंडू कसा सुटतो ते शब्दात सांगता येत नाही, करून दाखवावं लागतं. ती तुमच्या बोटांकडे बघते आणि तिच्या बोटांना कळतं.

घरी मी विलासला सांगितलं, मी ऑपरेशन करणार नाही. शेकाने जेवढे दिवस मिळतील तेवढे मिळू देत.

तो आवाज चढवणारा माणूस नाही. त्या दिवशी चढवला. “हाताचं काय घेऊन बसलीस! मी भरवीन ना तुला. रोज भरवीन. पण भरवायला तू असायला नको का?”

“मला भरवून घ्यायचं नाहीये.”

“मग कुणासाठी करतोय मी हे सगळं?”

“तुला कुणी सांगितलं करायला?” हे माझ्या तोंडून गेलं. तो चपला घालून बाहेर पडला.

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “माझो झील रोज जिन्यात उभो रवान रडता. तुका ठाऊक आसा काय?”

मला ठाऊक नव्हतं. तो आत यायचा तेव्हा त्याचा चेहरा धुतलेला असायचा आणि मला वाटायचं, उन्हातून आलाय. मी त्यालाही कधी विचारलं नव्हतं. तो परत आला तेव्हा मी म्हटलं, करू या. त्याने मान हलवली आणि गॅसवर चहा ठेवला.

पिवळा बॉल

शुद्धीवर आल्यावर मी श्वासाच्या आधी बोटं तपासली. अंगठा हलला. पहिलं बोट हललं. बाकीची तिथेच होती, पण माझी नव्हती.

काही दिवसांनी व्यायामाची मुलगी आली आणि तिने माझ्या तळहातावर स्पंजचा पिवळा बॉल ठेवला. “दाबा आंटी, हळूहळू येईल ताकद.” तिला काय ठाऊक! मी हसायला लागले, आणि हसताना टाके ओढले म्हणून रडायला लागले. मग मी विलासला माझ्या पिशवीतला खरा चेंडू आणायला सांगितलं. त्याने आणला. लाल शिवणीचा, जुना, मातीचा वास असलेला. त्याने तो माझ्या हातात ठेवला आणि माझी बोटं त्याच्याभोवती एकेक करून मिटवली. त्याने हात काढला तसा चेंडू घरंगळला, जमिनीवर टप्पे घेत शेजारच्या बेडखाली गेला. शेजारच्या बाईंचा नवरा वाकून काढायला लागला, तर विलास म्हणाला, “राहू द्या.” मग थोड्या वेळाने त्याने तो स्वतःच काढला आणि पिशवीत टाकून चेन लावली.

समीक्षा

घरी आल्यावर बरेच दिवस मी कुणाला भेटले नाही. समीक्षा मात्र न सांगता आली. बटाटेपोहे आणले होते तिच्या आईने दिलेले. ती बडबडत सुटली. मी नसताना स्पर्धा झाल्या, सगळ्या मॅचना तिनेच पिचिंग केलं, सगळे खूश आहेत, आता राज्याच्या टीमची निवड आहे, तिचं नाव नक्की म्हणतात.

“सगळ्या मॅचना तूच?”

“मग काय मॅडम! दुसरी कोण आहे?”

सासूबाईंनी तिला पाण्याचा ग्लास दिला. तिने तो डाव्या हाताने घेतला. समीक्षा उजवी आहे. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं आणि तिने उजवा हात मांडीखाली सरकवला.

“कुठे?” मी म्हटलं.

“काय कुठे? काय नाय मॅडम. हात एकदम मस्त आहे.”

“समीक्षा, फेकू नकोस. कुठे?”

तिचा चेहरा लाल झाला. तिला राग आला होता, आणि तो माझ्यावरच होता.

“तुम्ही पण फेकताय, मॅडम. फोनवर रोज एकदम मस्त, एकदम मस्त. आल्यापासून बघतेय, तुम्ही श्वास घेताना थांबताय. मी सांगणार नाय. आधी तुम्ही सांगा.” आणि तिने माझाच आवाज काढला, बारीक आणि कडक. “कुठे?”

विलास स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होता.

आता माझा डावा हात आपोआप वर आला. मला तो थांबवता आला नाही. बोट आधी खांद्याच्या पात्याखाली गेलं, जिथे कापलंय. मग काखेत, जिथे झोपेतसुद्धा आग होते. मग बरगड्यांवर, जिथे बरगड्या नाहीत. “इथे,” मी म्हणत होते, “इथे. आणि इथे.” मग बोट छातीच्या मधोमध येऊन थांबलं. तिथे काही कापलेलं नव्हतं. “इथे भीती वाटते,” मी म्हणाले, “सारखी. आत्ता पण.” हे मी एका चौदा वर्षांच्या मुलीला सांगत होते, आणि ती तोंड उघडं टाकून रडत होती. रडता रडता तिचा डावा हात उठला. बोट कोपराच्या आतल्या हाडावर जाऊन बसलं, नेमकं त्याच जागी.

“कधीपासून?”

“दुसऱ्या मॅचपासून.”

विलासने ट्रे खाली ठेवला. दोन कप उलटले होते आणि त्याला ते कळलं नव्हतं.

आता

समीक्षाची निवड झाली नाही. मी तिच्या आईवडिलांना बोलावून सांगितलं, डॉक्टरांनी तेच सांगितलं, आणि चेंडू खाली ठेवला गेला. पुढच्या वर्षी ती उचलेल की नाही, आणि उचलला तर पूर्वीसारखा टाकेल की नाही, कुणालाच माहीत नाही. ती मैदानावर येते आणि लहान मुलींना पाय कसा टाकायचा ते दाखवते. मी शेजारी खुर्चीवर असते. मी जे तोंडाने सांगते ते ती डाव्या हाताने, चेंडूशिवाय करून दाखवते. आम्ही दोघी मिळून जेमतेम एक कोच होतो.

माझी तपासणी ठरावीक महिन्यांनी असते. तिच्या आधीचा आठवडा घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. मागच्या वेळी फोटो स्वच्छ होता. माझं कोपरही एकदा स्वच्छ निघालं होतं, त्यामुळे स्वच्छ या शब्दाचा मला आता विशेष आनंद होत नाही. पकड परत आलेली नाही आणि येणार नाही.

हे वाचणारं कुणी आजारी असेल तर त्यांना हिंमत द्यायला माझ्याकडे काही नाही. त्यांच्या घरच्यांना मात्र एक सांगते. ‘बरं आहे ना’ असं विचारू नका. आम्ही फेकतो. तुमच्याकडे बघून फेकतो, तुमचा चेहरा धुतलेला असतो म्हणून. जागा विचारा.

विलासने त्या दिवसापासून प्रश्न बदललाय. सकाळी चहा खाली ठेवतो, माझ्या उजव्या बाजूला बसतो आणि म्हणतो, “कुठे?” मग पात्यापासून सुरुवात करून अंगठ्याने हळूहळू दाबत खाली येतो. मी सांगत जाते. इथे आहे, इथे कालच्यापेक्षा कमी, इथे हात लावू नकोस. कोपर येतं, मनगट येतं, आणि शेवटी तो करंगळी धरतो. तिथे मला काहीच कळत नाही. डोळे मिटलेले असले तर त्याने ती धरलीय की सोडलीय, हेसुद्धा नाही. म्हणून तेवढा वेळ मी डोळे उघडे ठेवते.